चक्री बसली

प्रिय अंजू,

तुझा भाऊ लाखनीच्या बाजारात भेटला. तुझ्या हाताची पट्टी निघाली, पण दोन बोटं अजून नीट वळत नाहीत, असं म्हणाला. कारखान्यात सगळ्या विचारतात. मी ‘बरी आहे’ एवढंच सांगते.

इथली बातमी म्हणजे तुपाच्या लाइनवर एक मोठं गोल फिरतं टेबल बसलं. भरायचं मशीन आणि झाकणाचं मशीन, यांच्या मधोमध. साहेब त्याला बफर म्हणतात, बाया चक्री म्हणतात. सकाळी लाइन सुरू करताना काय व्हायचं, तुला सांगायला नको. भरायचं मशीन लगेच पळायचं, झाकणाचं अडखळत राहायचं. बरण्या एकमेकींवर रेटायच्या, आडव्या व्हायच्या, आणि लाइन थांबू नये म्हणून आपण हात घालून त्या सरळ करायचो. त्या सकाळी तू तेच केलंस. रोज सगळ्याच करत होतो.

तुला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्यातल्या मालनबाई लाइनच्या पट्ट्यापासून लांब जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी लाइन सुरू करायला सांगितलं. त्या म्हणाल्या, “आमी आता हात घालत नाही. आधी काही सोय करा, मंग बटन दाबा.” साहेब चिडले. आम्ही एकेक करत मालनबाईंच्या बाजूला जाऊन उभ्या राहिलो. तो दिवस लाइन बंदच राहिली. पुढे चक्री आली, आणि झाकणाच्या मशीनला जाळीचं दारही. दार उघडलं की मशीन बंद.

आता झाकणाचं मशीन चाल धरेपर्यंत बरण्या चक्रीवर फिरत राहतात, मग एकेक पुढे जाते. पुढे थोडा वेळ अडलं तरी भरणं थांबत नाही. पहिल्या सकाळी कैलाश मेकॅनिकने वेग जरा जास्त ठेवला होता. एक बरणी डुलली. मालनबाईंचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी तो मागे घेतला आणि पदरात धरून ठेवला. बरणी पडली नाही.

लिहायचं कारण हे, की चक्रीवर एक बाई नेमायची आहे. लक्ष ठेवायचं आणि बटणं दाबायची, एका हाताने होतं. साहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, “पहिले अंजूले विचारतो.” ते म्हणाले, “अंजू कायले येते आता?” याचं उत्तर मी कसं देणार? तुला यायचं असेल तर ती जागा तुझी, मी आहे तिथे ठीक आहे. त्या मशीनजवळ पुन्हा उभं राहवत नसेल तर तसं लिही, मग मी हो म्हणेन. दुसऱ्या कोणाकडून तुला कळू नये, एवढंच मला वाटलं. साहेबांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

तुझीच,
रश्मी