उखाण्यातलं नाव

अहो,

खट्टी दाल झाकून ठेवलीय, गरम करून घ्या. मी नारायणगुड्याला ताईकडे जातेय.

सहा वर्षं वाट पाहून लागलेल्या आपल्या फोनवर पहिला फोन आला तो गौलीगुड्याच्या त्रिवेणीबाईंचा. “सटवा आहे का?” राँग नंबर म्हटलं, तर हसल्या. “तुमचे एकनाथराव हो! आमच्याच वस्तीतले, आमच्याच जातीचे.” तुमची रोजची लायब्ररी कुठं आहे, तेही कळलं.

जात लपवलीत ती माझ्या बाबांच्या धाकानं, समजू शकते. साठीत प्रेम सुचलं, तेही गिळेन. पण तिच्या घरी सटवा आणि माझ्या घरी तीस वर्षं एकनाथराव? लाजत लाजत उखाण्यात घेतलं, ते नाव कुणाचं होतं?

वर ‘अहो’ लिहिलंय. तेवढं तरी तिला म्हणू देऊ नका.