चौथ्या खणातली बिननावाची चिठ्ठी

हेरफर्ड,
रविवार, ४ मार्च १९३४

प्रिय हेस्टरताई,

धाकट्या भावाचा टोपी काढून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? ह्युबर्टभावोजींचं प्रवचन आता अर्ध्या तासात आटपतं का, आणि कोंबड्या अंडी देताहेत की अजून विचारच करताहेत? मी बरा आहे. म्हणजे तितकासा बरा नाही, पण तसं लिहिलं की तू लोकरीचे मोजे पाठवतेस आणि मागचे चार जोड अजून कोरे पडले आहेत.

आमचा शब्दकोश एकदाचा 'एम' या अक्षराला पोचला. (मी नोकरीला लागलो तेव्हा 'सी' चालू होतं आणि माझ्या डोक्यावर केस होते.) त्यात 'मॉडेस्ट' हा शब्द आला, तेव्हा आमचे संपादक डॉक्टर क्रिम्प सगळ्यांदेखत म्हणाले, "विंटल, हा शब्द तुमचाच." मी म्हणालो, "छे छे, माझी कुठली लायकी?" त्यावर सगळे हसले आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

काम तसं सोपं. देशभरातली हौशी माणसं पुस्तकं वाचतात, शब्द सापडला की ते वाक्य एका चिठ्ठीवर उतरवतात, खाली लेखक, ग्रंथ आणि वर्ष घालतात आणि आम्हाला धाडतात. आम्ही अर्थ पाहून त्या चिठ्ठ्या खणांत लावतो. पहिल्या खणात विनयशील माणसं, दुसऱ्यात लाजाळू, तिसऱ्यात अंगभर कपडे घालणाऱ्या बायका आणि चौथ्यात जे जे बेताचं ते सगळं : बेताचं घर, बेताची मिळकत, बेताची अक्कल. शेजारी समानार्थी शब्दांची रांग : नम्र, भिडस्त, संकोची, मितभाषी. खरं सांगतो ताई, हे खण भरताना मला कुणीतरी माझीच झडती घेतंय असं वाटायचं. तिसरा सोडला तर सगळीकडे मीच होतो.

आता मिस टॅल्बॉट. ही बाई नऊ वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर बसते आणि आलेली प्रत्येक चिठ्ठी तपासून खणात टाकते. नऊ वर्षांत मी तिच्याशी फक्त हवेविषयी बोललो. (तेवढ्यात हवा बरीच बदलली.) आणि फेब्रुवारीत कळलं की ईस्टर झाला की ती वेल्समध्ये कुठल्याशा ग्रंथालयात नोकरीला चालली आहे. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. घरमालकिणीने विचारलं तर मटण वातड आहे म्हणालो, त्यामुळे तीही रुसली.

शेवटी मी लिहायचं ठरवलं. मोठा कागद घेणं आगाऊपणाचं वाटलं, म्हणून कोशाचीच एक चिठ्ठी ओढली आणि लिहिलं : "माझी मिळकत बेताची, रूप बेताचं आणि बोलणं त्याहून बेताचं आहे, तरी आपली हरकत नसल्यास उरलेलं आयुष्य समोरच्या टेबलाऐवजी शेजारच्या खुर्चीवर काढायला मला आवडेल." खाली सही करायला हवी होती. पण एवढ्याशा चिठ्ठीवर स्वतःचं नाव मिरवायचं कसं? अक्षर ओळखेल, असं म्हणून मी चिठ्ठी तिच्या ट्रेमध्ये ठेवली आणि पळालो. (पळालो म्हणजे चाललोच, पण लांब ढांगा टाकत.)

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी चौथ्या खणात सापडली. कोपऱ्यात तिच्या टोकदार पेन्सिलीने तीन प्रश्न होते : लेखक? ग्रंथ? वर्ष?

इथवर झालेली फजिती मी गिळली असती. पण डॉक्टर क्रिम्पना ती चिठ्ठी मिळाली आणि त्यांनी ती चहाच्या वेळी खड्या आवाजात वाचली. एका वाक्यात 'मॉडेस्ट' तीनदा आल्याने ते खूश झाले. "कोण हा मेंगळट? सतराव्या शतकातला पाद्री दिसतो. तुमचं काय मत, विंटल?" मी म्हणालो, "अठराव्यातलाही असू शकेल." (आपली आई म्हणायची, ऑस्बर्ट घराला आग लागली तरी दार वाजवून आत येईल. तेच खरं.) लगेच हुकूम झाला की हे वाक्य कोणत्या ग्रंथातलं ते मी शोधून काढायचं. तीन आठवडे मी ग्रंथालयात शिडीवर चढून माझंच वाक्य शोधतो आहे.

त्या दिवशी मिस टॅल्बॉट चहा ढवळत म्हणाली, "वाक्य चांगलं आहे. नाव नाही, तोवर उपयोग नाही, इतकंच."

"अहो, असल्या माणसाला कोणती बाई हो म्हणेल?" डॉक्टर म्हणाले.

"नाव कळलं तर विचार करील की."

असं म्हणून ती माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या मागे खिडकी होती, म्हणून मी विचारलं, "वारा लागतोय का? खिडकी लावू?" ती म्हणाली, "लावा."

असो. काल तिने जाण्यासाठी आपल्या टेबलाचे खण रिकामे करायला घेतले. माझी फजिती सांगून तुला चार घटका हसवावं, एवढाच या पत्राचा हेतू. माझं काही मागणं नाही.

तुझा,
ऑस्बर्ट

ता. क. सहज आठवलं. आईची अंगठी तुझ्याकडेच आहे ना? घाई मुळीच नाही. बुधवारच्या टपालाने आली तरी चालेल.

ता. क. २. तू दहा प्रश्न विचारशील म्हणून सांगून टाकतो. तिचे रिकामे खण पाहिले आणि मला राहवलं नाही. त्याच चिठ्ठीवर शाईने लिहिलं : लेखक, ऑस्बर्ट विंटल. ग्रंथ, नाही. वर्ष, चालू. अर्ध्या तासाने चिठ्ठी परत आली. खाली पेन्सिलीने होतं : "अक्षर पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. नाव तुम्ही घालावं, म्हणून थांबले. वेल्सला नकार कळवते. खण माझ्याकडून चुकला, हे वाक्य चौथ्यातलं नाही."

ता. क. ३. मी तिला सांगितलं की अंगठी तशी बेताचीच आहे. ती म्हणाली, "तो शब्द आता पुरे."