टोलेडो आमचंच

२६ जानेवारी १९८७, सोमवार
आज मिशिगन राज्याला दीडशे वर्षं झाली. आज आपला प्रजासत्ताक दिनही. तारीख एकच. याला मी योगायोग मानत नाही.

बर्फामुळे ऑफिस अर्धा दिवस. पेपरात इतिहासाचं पूर्ण पान होतं. १८३५ साली मिशिगन आणि ओहायो यांच्यात सीमावाद झाला, हे चौदा वर्षं इथे राहून मला कोणी सांगितलं नव्हतं. टोलेडो शहर आणि पाच ते आठ मैल रुंदीचा एक पट्टा. दोघंही म्हणत होते, आमचा. मूळ नकाशाच चुकीचा. दोन सर्व्हे, दोन रेषा. दोन्हीकडून सैन्य निघालं. शेवटी वॉशिंग्टननं टोलेडो ओहायोला दिलं आणि मिशिगनची समजूत काढायला उत्तरेकडचं जंगल दिलं.

म्हणजे बेळगावच. मी मूळचा बेळगावचा. माझे वडील, आप्पा, सीमा सत्याग्रहात चार महिने तुरुंगात होते. मी तेव्हा शाळेत, मग इंजिनिअरिंग, मग इकडे. आप्पांच्या पत्रात याबद्दल कधी शब्द नसतो. तो नसतो हेच बोचतं.

संकल्प: तीन अंकी नाटक, 'टोलेडो आमचंच'. ऑगस्टात मंडळाच्या गणपतीत प्रयोग. प्रयोगाचा फोटो आप्पांना. तसं पत्र आजच टाकलं, म्हणजे मागे फिरायला नको.

१ फेब्रुवारी, रविवार
लतिकाला पहिला प्रवेश वाचून दाखवला. तिनं विचारलं, आपलं घर मिशिगनमध्ये, पण ओहायोची हद्द दोन गल्ल्यांवर. तुमची नोकरी टोलेडोत, डेंटिस्ट टोलेडोत, उत्तरा जन्मली टोलेडोतल्या हॉस्पिटलात. मग नक्की काय परत घ्यायचंय?
प्रश्न वरवरचा आहे. लतिका सायन्सची.

१५ फेब्रुवारी, रविवार
सरोवर मराठी मंडळाची मीटिंग. तासभर ड्राइव्ह, डेट्रॉइटच्या पलीकडे. सेक्रेटरी विनय देवधरांकडे तीन तास मागितले. चाळीस मिनिटं मिळाली. सुरुवातीला एवढं पुरे. लोकच 'पुढे चालू द्या' म्हणतील.
पात्रं अठ्ठावीस. नट अकरा मिळाले. त्यातले नऊ टोलेडोकडचे. पट्ट्यातली जनता कोणाच्या बाजूला आहे ते यातच आलं.

८ मार्च, रविवार
तिसरा अंक अडला. अडचण अशी की या युद्धात कोणी मेलंच नाही. एका शेरिफच्या माणसाला खिशातल्या छोट्या चाकूनं भोसकलं, तोही बरा झाला. ओहायोच्या न्यायाधीशांनी टोलेडोत गुपचूप कोर्ट भरवलं आणि लगेच पळ काढला. पळताना क्लार्कची हॅट पडली. कोर्टाचे कागद हॅटमध्ये होते.
प्रेक्षक इथे हसतील. माझं नाटक गंभीर आहे. एक हुतात्मा घालावा लागेल. त्याला आईही हवी.
उत्तरा (वय बारा) संदर्भासाठी आणलेलं लायब्ररीचं पुस्तक वाचत बसली होती. मध्येच म्हणाली, "बट बाबा, हूज वॉज इट बिफोर?" मिशिगन आणि ओहायोच्या आधी ते कोणाचं होतं? म्हटलं, चांगला प्रश्न आहे, पण पात्रं वाढतील.

२२ मार्च, रविवार
विश्वासघात. टोलेडोचे डॉ. गुरुदत्त सामंत यांनी यंदापासून टोलेडोत वेगळा गणपती जाहीर केला. तारीख २९ ऑगस्ट. आमचीच.
टोलेडोकडची सतरा घरं आमच्या मंडळाची मेंबर आहेत. डॉक्टर म्हणतात, म्हाताऱ्या माणसांना दोन तास जाऊन-येऊन बसवत नाही. फुटीर लोक नेहमी म्हाताऱ्यांनाच पुढे करतात.
संकल्प: आजपासून टोलेडोवर बहिष्कार. तिथली ग्रोसरी नाही, पेट्रोल नाही, डॉक्टरांच्या घरी चहा नाही. घरात सर्वांना लागू. नोकरी वगळून.

४ एप्रिल, शनिवार
पेट्रोल वगळून. ऑफिसातून येताना काटा खाली होता.

१३ एप्रिल, सोमवार
दाढ. बहिष्कारात वैद्यकीय अपवाद असतोच. डेंटिस्टनं तोंडात हत्यारं असताना विचारलं, काय चाललंय सध्या? मी सीमाप्रश्न सांगितला. तो म्हणाला, तोंड उघडं ठेवा.

१९ एप्रिल, रविवार
लतिका बहिष्कार पाळते याचं समाधान आहे. फक्त रविवारी उत्तराला घेऊन शॉपिंगला जाते. मिशिगनच्या दुकानांत, असं मी धरून चालतो. काही आणत मात्र नाही. काटकसरी आहे.

१० मे, रविवार
सीमा समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. सतरा घरांना पत्रं लिहून महिना झाला. उत्तर एक. त्यांनी विचारलंय, तुमच्याकडे मोठा कुकर आहे असं ऐकलं, गणपतीला मिळेल का?
आज जनमताचा कौल घेतला. टोलेडोतल्या मॉलबाहेर दोन तास उभा राहिलो (समितीचं काम, खरेदी नाही). ओहायोत ढकलल्याबद्दल तुम्हाला अन्याय वाटतो का, असा प्रश्न. एकवीस जणांना विचारलं. चौदांना मी इन्शुरन्सवाला वाटलो. एका म्हातारीनं माझा हात हातात घेतला आणि गाडी कुठे लावली ते आठवत नाही का, म्हणून विचारलं. मग गार्डला बोलावलं.
दीडशे वर्षांत माणसाची अस्मिता इतकी झोपू शकते.

७ जून, रविवार
तालीम आमच्या बेसमेंटमध्ये. आले चौघं. बाकीच्यांची टोलेडोत सजावटीची मीटिंग होती. हुतात्म्याची आई करणाऱ्या बाई डॉक्टरांकडे मोदक समितीत गेल्या. हुतात्मा म्हणाला, आईच नाही तर मी कशाला मरू?
उंच काळ्या हॅट्स बारा आणल्या होत्या. हॅलोविनची सोंगं विकणारं दुकान एकच. टोलेडोत.

२१ जून, रविवार
विनयरावांचा फोन. चाळीसची वीस मिनिटं केली. मी पहिला अंक गाळला. नाटक घट्ट झालं.

४ जुलै, शनिवार
वीसची दहा. आरती आणि जेवणाच्या मधली, ताटं मांडेपर्यंत. दुसरा अंक गाळला.
नट उरले दोन, मी आणि उत्तरा. तिला संवाद दिले. ती म्हणाली, तिला वेळ नाही, तिची दुसरी तालीम असते. कसली, विचारलं. तिनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, स्विमिंग. पोहण्याची तालीम असते हे मला नवीन आहे, पण इथल्या शाळांचं काही सांगता येत नाही.
संकल्प: एकपात्री. बारा हॅट्स, एक नट.

१९ जुलै, रविवार
आप्पांचं पत्र. गुडघा, पाऊस, शेजाऱ्यांची गाय. शेवटी एक ओळ: "नाटकाच्या फोटोची वाट बघतो. चष्मा लावूनही ओळख पटत नाही, तर त्यात तू कोणता ते बाण काढून दाखव."
तीन वेळा वाचली. आप्पांनी आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. आता दहा मिनिटं तरी झालीच पाहिजेत.

९ ऑगस्ट, रविवार
हे शांतपणे लिहितो.
अकरा वाजता विनयरावांचा फोन. म्हणाले, एकनाथराव, मिटलं. काय मिटलं? टोलेडोचं. त्यांनी आणि डॉक्टरांनी काल जेवताना ठरवलं. टोलेडोचा गणपती टोलेडोत. सतरा घरं आणि २९ तारीख त्यांच्याकडे, आमचा गणपती रविवारी. बदल्यात डॉक्टर आमच्या मंडळाला साठ फोल्डिंग खुर्च्या आणि एक पेटी देणार.
सीमा समितीला विचारलं नाही. मी म्हटलं, हा करार मला मान्य नाही. निदान आपल्याकडची माझी दहा मिनिटं तरी?
 विनयराव म्हणाले, "तुम्हीही टोलेडोतच गेलात, एकनाथराव. तुम्हाला बारा मिनिटं पडतं."
मी सांगितलं, माझं घर रेषेच्या उत्तरेला आहे. दोन गल्ल्या का होईना, मिशिगन आहे. ते म्हणाले, रेषेचं ठाऊक नाही, आम्ही हायवेवरून धरलं. आणि लतिकावहिनींना विचारूनच केलं. त्या हो म्हणाल्या.
लतिकाला विचारलं. ती म्हणाली, हो म्हणाले.
म्हणजे अठरावं घर मी.

१० ऑगस्ट, सोमवार
काल रात्री डॉ. सामंतांचा फोन. माणूस गोड बोलतो. नाटकाचं म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की. यंदा मुलांचा कार्यक्रम आहे. पण तुमच्यासारखा शिस्तीचा माणूस मला बाहेर हवा. बाहेर म्हणजे? पार्किंगला.
रात्रभर विचार करणार होतो, पण झोप लागली. सकाळी चहा घेताना सुचलं: मिशिगनला जे जंगल मिळालं ते तेव्हा सगळ्यांना टाकाऊ वाटलं होतं. पुढे तिथे तांबं निघालं, लोखंड निघालं. म्हणून पार्किंग स्वीकारलं.

२९ ऑगस्ट, शनिवार, सकाळी
पार्किंगचा आराखडा तयार. तीन रंगांचे बाण. येण्याचा रस्ता वेगळा, जाण्याचा वेगळा. लतिकानं मोठा कुकर गाडीत ठेवला.

२९ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळी
शाळेचा हॉल. नारिंगी जॅकेट मिळालं, एक्स्ट्रा लार्ज. हॅट मी घरून नेली होती. गाड्या एकशे दहा. सरोवर मंडळाच्या बऱ्याच गाड्या दिसल्या. विनयरावही आले. म्हणाले, यांचे मोदक चांगले असतात. त्यांना लांबची जागा दिली.
बाण कोणी पाळले नाहीत. सगळे जाण्याच्या रस्त्यानं आले.
आरती बाहेरून ऐकली. मग मुलांचा कार्यक्रम. खिडक्या उघड्या होत्या. एक मुलगी मराठीत काहीतरी वाचत होती. टोलेडोच्या नदीकाठी राहणाऱ्या मूळ लोकांची गावं, त्यांची शेतं. दोन राज्यं भांडत होती तेव्हा त्यांना कोणी विचारलं नाही. "मग त्यांना बोटीत बसवलं आणि पश्चिमेकडे पाठवून दिलं. तिकडे त्यांचं कोणी नव्हतं." ळ स्वच्छ होता. कोणाची मुलगी एवढं चांगलं वाचते म्हणून टाचा उंचावून पाहिलं.
आमची होती.
तेवढ्यात एक स्टेशन वॅगन उलटी आली आणि मला तिकडे जावं लागलं.
घरी येताना लतिकानं सांगितलं. मार्चपासून दर रविवारी. डॉक्टरांच्या बायको, वीणाताई, बेसमेंटमध्ये मराठीचा क्लास घेतात. मी म्हटलं, बहिष्कार होता. लतिका म्हणाली, "क्लास वगळून, अहो."
उत्तरा मागच्या सीटवर झोपली होती. मांडीवर माझी एक हॅट, तिच्यात तिचे कागद.

६ सप्टेंबर, रविवार
वीणाताईंनी फोटो पाठवला. स्टेजवर उत्तरा, समोर भरलेला हॉल, आणि अगदी उजव्या कडेला, उघड्या दारातून, मी. हॅट नीट आलीय.
आप्पांना पाठवला. सोबत पत्र: प्रयोग झाला, गर्दी मोठी होती, लोक लांबून आले. यातलं काहीच खोटं नाही. बाण काढला. तांबड्या शाईनं.

४ ऑक्टोबर, रविवार
आप्पांचं पत्र आलं. माझ्या नावावर नाही. उत्तराच्या. तिनं म्हणे जुलैतच त्यांना एक मराठी पत्र टाकलं होतं. चार पानी उत्तर आहे. तुरुंगातले चार महिने, तिथली भाकरी, कोण गायचं, कोण रडायचं, सगळं लिहिलंय. मला हे कधी लिहिलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.
तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. अडली एकदाच. शेवटी होतं: "फोटोत बाणाच्या टोकाशी नारिंगी कपड्यातला माणूस तुझा बाबा ना? नाटकात तो कोण झाला होता, ते कळव."
उत्तरानं पेन उघडून विचारलं, काय लिहू?
म्हटलं, लिही, सेनापती.
तिनं टोपण पेनाच्या मागे लावलं. मग लिहिलं आणि कागद तपासायला माझ्याकडे दिला.
"बाबा बाहेर उभे होते."
दोनदा तपासलं. चूक एकही नाही.