डाव्या गुडघ्यावरची पट्टी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वजीर गेला हे तू पेपरात वाचलं असशीलच. इथे चार दिवस दुसरा विषय नाही. न्हाव्याकडे गेलो तर माझी अर्धी दाढी झाल्यावर त्याचं आणि शेजारच्या गिऱ्हाइकाचं जुंपलं. एक म्हणतो असा फुटबॉलपटू पुन्हा होणे नाही, दुसरा म्हणतो पंचाच्या कानाखाली वाजवणाऱ्याचा पुतळा कसला उभारता. तोवर माझ्या गालावरचा साबण वाळून गेला. मला कोणी विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कोण जाणे.

पुतळा खरंच होतोय, मैदानाच्या फाटकाशी. शिल्पकार परवा घरी येऊन गेला, डाव्या गुडघ्यावरच्या पट्टीचे वेढे किती असायचे ते विचारायला. अकरा वर्षं मी त्याची मालिश केली, पट्ट्या बांधल्या, म्हणून एकवीस तारखेच्या शोकसभेत मी बोलायचं असं क्लबवाले म्हणतात. मी हो म्हणून बसलोय. महिन्याभरात घरी आलेला तो शिल्पकार पहिलाच माणूस. दोनदा चहा पाजला तरी मी त्याला उठू देईना.

तू येशील का? भावोजी गेल्यापासून इकडे फिरकली नाहीस. गुडघा कसा आहे? तेल लावतेस की बाटली कपाटात शोभेला ठेवलीस?

लोभ आहे, तो पत्रागणिक वाढो.

तुझा
धाकट्या


९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तेल लावते. तरी उजवा गुडघा जिना चढताना जीव काढतो. मी सभेला येणार नाही, आणि त्याचं कारण गुडघा नाही.

तुझ्या वजिराने गोल किती मारले ते मला ऐकवू नकोस. मला एकच सामना ठाऊक आहे. ती फायनल, शेवटची पाच मिनिटं. त्याने मागे, गोलमध्ये उभ्या असलेल्या यांच्याकडे दिलेला पास अर्ध्या वाटेत मेला आणि समोरच्यांनी गोल केला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं एकच वाक्य होतं, गोलकीपरला विचारा. लोकांनी विचारलं की रे. आमच्या दारावर खडूने लिहून विचारलं. सामना विकला म्हणाले. यांनी पुन्हा हातमोजे घातले नाहीत. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात चिकटले ते निवृत्त होईपर्यंत.

तुला एक माहीत नाही. दर रविवारी जेवण झालं की हे आमच्या घरातल्या बोळात कपाटाकडे पाठ करून उभे राहायचे. एक पाऊल पुढे टाकायचे, मान हलवायचे, परत मागे. मी पुढे यायला हवं होतं म्हणायचे, चूक माझीच. तेवीस वर्षं हेच. तिथली फरशी घासून फिकी पडलीय. हे जाऊन तीन वर्षं झाली, पण मी अजून त्या फरशीला वळसा घालून जाते.

तू त्या दिवशी मैदानाच्या कडेच्या बाकावर होतास. तुझ्या डोळ्यांदेखत झालं सगळं. बोलणारच असशील तर एवढंच सांग की चूक गोलकीपरची नव्हती. नुसतं त्या माणसाचं गुणगान करायचं असेल तर मला पुन्हा लिहू नकोस.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहे, पण ती गृहीत धरू नकोस.

ताई


१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीनदा लिहून फाडलं. हे चौथं, जसं उतरेल तसं पाठवतोय.

वजिराचा डावा गुडघा ठणठणीत होता. कामातून गेला होता तो उजवा. पण पट्टी मी डाव्याला बांधायचो. आमच्या धंद्यातली युक्ती आहे ती. समोरचे खेळाडू पट्टी बघतात आणि नेमकी तिथेच लाथ घालतात. चांगला गुडघा मार खातो, दुखरा वाचतो. हे दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. कोचला कळलं असतं तर त्याने वजिराला खेळूच दिलं नसतं.

आता ती फायनल आठव. चेंडू त्याच्या उजव्या पायाशी होता. भावोजींनी पट्टी पाहिली, डाव्यावर. म्हणजे उजवा धड आहे, पास जोरात येणार, असं धरून ते जागेवर थांबले. कुठलाही शहाणा गोलकीपर थांबला असता. उजव्या गुडघ्याने ऐन वेळी दगा दिला. फसवायचं होतं समोरच्यांना, फसले आपले भावोजी. त्यांना खरं माहीत असतं तर ते चार पावलं पुढे येऊन उभे राहिले असते.

गोलकीपरला विचारा, हे मी पेपरात वाचलं तेव्हा वजीर माझ्यासमोर मालिशच्या टेबलावर पालथा पडला होता. मी काही बोललो नाही, तोही नाही. मला ते काम सोडायचं नव्हतं, ताई. वजिराच्या पायांना हात लावणारा म्हणून लोक मला ओळखायचे, एरवी मला कोण विचारतंय. आणि तो मला आवडायचा, हेही खरं. मला टायफॉइड झाला तेव्हा तीन दिवस दवाखान्यात उशाशी तोच बसून होता. त्याला नुसता वाईट म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.

ते रविवारचं मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर बोललो असतो, असं लिहिणार होतो, पण तशी खात्री नाही. सभेत तोंड उघडेल की नाही तेही सांगता येत नाही. लोभ कोणत्या तोंडाने मागू.

धाकट्या


२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर नाही, आणि ते बरोबरच आहे. तरी कळवतो.

मी बोललो. स्टेजवर त्याचा मोठा फोटो होता, त्यातही डाव्या गुडघ्यावर माझीच पट्टी. आधीच्या दोघांनी त्याला देव केलं, दोघांनी आडून चिमटे काढले. माझी पाळी आली तेव्हा कागद खिशातच ठेवला. चूक गोलकीपरची नव्हती, वजिराची आणि माझी होती, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, नाहीतर जमलं नसतं. पट्टीचं सांगत होतो तेवढ्यात माईक बंद झाला. मग तसाच ओरडून सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला खाली बसवा. त्याला देव मानणारे म्हणाले मी मेलेल्या माणसावर चिखल उडवतो, आणि शिव्या देणारे म्हणाले मीही त्यातलाच. बाहेर पडताना सगळ्यांनी वाट करून दिली, हात कोणी पुढे केला नाही.

शिल्पकार तेवढा मागून आला. पुतळ्यावर पट्टी डावीकडेच राहणार म्हणाला, लोकांना तशीच माहीत आहे.

न्हावी आता मला बघून पेपर वर धरतो. मी दिवसभर रेडिओ लावून ठेवतो, घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून. तुझ्या पत्राची सवय होती गं. जिन्यात पोस्टमनचा पाय वाजला की दार उघडून उभा राहतो. तो वरच्या मजल्यावर निघून जातो.

उत्तर आलं नाही तरी मी महिन्याला खुशाली कळवीन. आशीर्वाद मागत नाही, नुसता नमस्कार घे.

धाकट्या


१९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहिलाय तो सवयीने नाही, विचार करून लिहिलाय. त्याला इतके दिवस लागले.

मी चिडले होते, अजून चिडलेलीच आहे. इतकी वर्षं तू आमच्याकडे येऊन जेवून जायचास आणि हे तुला आग्रह करकरून वाढायचे. एक वाक्य, धाकट्या. एखाद्या रविवारी सांगितलं असतंस तर पुढचे सगळे रविवार यांना सुखाने झोपता आलं असतं. वजीर गेला, आता त्याच्यावरचा राग कुठे ठेवायचा तेही मला कळत नाही. तू आहेस, म्हणून तो सगळा तुझ्या वाट्याला येतोय. माफ केलं असं लिहिलं तर खोटं होईल.

तुझं ते पट्टीचं पत्र मी त्या फरशीवर उभं राहून वाचलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्यावर पाय ठेवला. यांना मोठ्याने वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग म्हटलं, तुम्ही बरोबर जागी उभे होतात हो. आणि रडून घेतलं पोटभर. खालची बाई घाबरून वर आली. तिला काय सांगणार, साखर संपलीय म्हटलं, तर बिचारी वाटी भरून घेऊन आली.

माईक बंद झाल्यावरही बोलत राहिलास, ते ऐकायला हे हवे होते. मी तरी यायला हवं होतं. तुझ्यासमोर आपलं म्हणावं असं एक माणूस बसलेलं असतं.

पोस्टमनसाठी दारात उभा राहू नकोस. सरळ निघून ये. बाहेरच्या खोलीत अंथरूण घालते. भांडण समोरासमोर होऊ दे, पत्रात मला पुरेसं भांडता येत नाही. माया आटलेली नाही, एवढंच आज लिहिते.

तुझी
ताई

ता. क. येताना पट्टी घेऊन ये. माझा उजवा दुखतो. जो दुखतो त्यालाच बांधायची.