पडवीत फक्त चपला

मी, प्रमोदिनी गुरुदत्त खांबेटे, वय एकोणसाठ, व्यवसाय मास्तरीण (निवृत्त), राहणार डोंबिवली, मानपाड्याच्या वाटेवरील कौलारू घर, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि चष्मा लावून लिहून ठेवते. माझे गुडघे गेले आहेत. डॉक्टर माझ्या छातीत काहीतरी ऐकतात आणि मला सांगत नाहीत. पण डोके शाबूत आहे. त्याविषयी कोणाला शंका असेल तर माझे पुतणे चि. सुधीर यांना विचारावे. दिवाळीत त्यांनी आणलेल्या मिठाईमागचा हेतू मी पुडा सोडण्याआधीच ओळखला होता.

हे मृत्युपत्र मी दुसऱ्यांदा लिहीत आहे. पहिले का बाद झाले ते पुढे येईलच. ठाण्याचे माझे वकील श्री. वर्तक यांचे म्हणणे असे की मृत्युपत्रात टोमणे घालायचे नसतात. तसे कायद्यात कुठे लिहिले आहे, असे मी विचारले. पाहून सांगतो म्हणाले. अजून पाहत आहेत.

कलम १. राहते घर माझ्या यजमानांनी कल्याणच्या मालधक्क्यावर कारकुनी करून स्वतःच्या कमाईतून बांधले. ते गेल्यावर कायद्याने मी या घराची नुसती राखणदार होते. गेल्या वर्षी नवा वारसा कायदा आला आणि मी मालकीण झाले. ही बातमी सुधीरने मला सांगितली नाही, जरी तो ठाण्याच्या कोर्टातच कारकून आहे. मला ती वर्तमानपत्रात वाचावी लागली. मला मूलबाळ नाही. तेव्हा मी काही न लिहिता गेले तर घर यजमानांच्या भावाकडे, म्हणजे माझे थोरले दीर श्रीपाद बाळकृष्ण खांबेटे यांच्याकडे जाईल, आणि तिथून त्यांचे चिरंजीव सुधीर यांच्याकडे. सुधीरने घराभोवती फिरून मोजमाप घेऊन ठेवले आहे. चाळ उठवायची आहे. डोंबिवलीत आता गोठ्यालाही भाडेकरू मिळतो, तेव्हा त्याचा हिशेब चुकीचा नाही. पण घराच्या पुढच्या खोलीत शाळा आहे, ती तो विसरला.

कलम २. शाळा माझ्या घरात कशी आली हे लिहून ठेवणे भाग आहे, कारण गावाची स्मरणशक्ती सोयीपुरतीच आहे. पूर्वी ती मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरत असे. महारवाड्यातली मुले बाहेर चिंचेखाली बसत. मग वरून हुकूम आला की जिथे सगळ्या मुलांना आत घेता येत नाही तिथे शाळा भरवू नये. गावाने या हुकमाचा फार मान राखला. मुलांना आत घेण्याऐवजी शाळाच उचलली आणि आमच्या घरी आणली. माझे दीर तेव्हा शाळेचे गुरुजी होते, भावाची जागा मोकळी होती. आत खोलीत गावातली मुले बसली. महारवाड्यातली मुले पडवीत बसली. मध्ये गजांची खिडकी. हुकमात देवळाविषयी लिहिले होते, पडवीविषयी काही नव्हते.

भावजी कडक सोवळ्याचे. खिडकीतून पाटी आत आली की ते पंचपात्रीतून पळीभर पाणी तिच्यावर शिंपडत आणि मगच हातात घेत. पाटीवरचे गणित तोवर वाहून गेलेले असे. भावजी पाटी उलटसुलट बघत आणि म्हणत, कोरी आहे, शून्य. सगळ्या पडवीला रोज शून्य मिळे. हे त्यांनी दुष्टपणे केले असे मी म्हणणार नाही. पाणी आणि पाटी यांचा संबंध त्यांच्या ध्यानातच आला नाही, आणि मी स्वयंपाकघरातून तो सांगितला तेव्हा त्यांनी मला आमटी जळते आहे का ते बघायला सांगितले. आमटी जळत नव्हती.

छडीचीही तीच कथा. पडवीतल्या मुलाला छडी मारायची तर शिवाशीव होणार, म्हणून भावजी ती खिडकीतून फेकत. त्यांचा नेम वाईट. बहुतेक वेळा ती गजाला आपटून आतल्याच कोणाला तरी लागे, आणि तो सहसा पाटलाचा मुलगा असे. बाहेर गेलीच तर पोरे ती आणून खिडकीत ठेवत, मग तिच्यावर पाणी. भिजून भिजून ती छडी वाकडी झाली.

या पडवीत सहदेव काळुराम रोकडे नावाचा मुलगा होता. रोजच्या शून्याला कंटाळून त्याने एके दिवशी खिडकीतून विचारले, "गुरुजी, उत्तर तोंडी सांगू का?" भावजींनी बराच विचार केला. आवाजाला विटाळ असतो असे त्यांना कुठल्याही पोथीत सापडले नसावे. त्यांनी परवानगी दिली. तेव्हापासून पडवी तोंडी शिकू लागली आणि तिचे शून्य संपले. मीही त्याच शाळेची विद्यार्थिनी. वर्गाच्या एका अंगाला पडवी, दुसऱ्या अंगाला माझे स्वयंपाकघर, आणि दोन्हीकडच्यांना आत यायची बंदी. त्रैराशिक मी भाजी चिरता चिरता शिकले. सहदेव उत्तर सांगे, मी इकडे फोडणी देत पडताळून बघे. पुढे यजमानांनी मला फायनलच्या परीक्षेला बसवले, मी मास्तरीण झाले, भावजी निवृत्त झाल्यावर याच शाळेची मुख्य झाले. स्वराज्य आले त्या सुमारास सहदेव ट्रेनिंग करून याच शाळेत शिक्षक म्हणून आला. पहिल्या दिवशी त्याने पडवीतली तरटे उचलून आत अंथरली. काही घरांनी मुले काढून घेतली. ती दिवसभर घरात धुडगूस घालू लागल्यावर त्यांच्या आयांनीच ती परत आणून सोडली.

कलम ३. तेव्हा माझे राहते घर, पुढची खोली, पडवी, मागचा भाग, परस आणि विहीर यांसह, मी शाळेसाठी शाळामंडळाला देत आहे. देण्याचे कारण उघड लिहिते. मी गेल्यावर घर सुधीरकडे गेले तर शाळेला जागा राहणार नाही, आणि गावातल्या काही मंडळींनी आतापासूनच मारुतीचे देऊळ सुचवले आहे. आता कायदा आहे, कोणी अडवणार नाही, असे ते म्हणतात. मी या गावात सून म्हणून आले तेव्हापासून गाव कायदा कसा पाळतो ते बघत आले आहे. चिंच अजून तिथेच आहे.

अट अशी. पडवीत फक्त चपला ठेवाव्यात. ज्या दिवशी एकाही मुलाला जातीमुळे पडवीत बसवले जाईल, त्या दिवशी हे घर शाळामंडळाकडून जाऊन सुधीरचे होईल. ही अट ऐकून वर्तक वकील घाबरले. मी त्यांना समजावले की यामुळे सुधीर जन्मभर येता जाता शाळेत डोकावेल आणि मंडळाला फुकटचा इन्स्पेक्टर मिळेल. गजांच्या खिडकीतून पाहणी करण्याचा हक्क मी त्याला या कलमाने देत आहे. मात्र त्याने स्वतःच्या मुलीला पडवीत बसवून घर मागितले तर ते धरले जाणार नाही. मी त्याला लहानपणापासून ओळखते.

कलम ४. सुधीरच्या मुलीला, चि. हेमाला, माझी पोस्टातली शिल्लक आणि सोन्याच्या पाटल्या. त्या तिच्या शिक्षणासाठी आहेत, लग्नासाठी नाहीत. लग्नात घालायच्या असतील तर आधी मॅट्रिकचे सर्टिफिकेट वर्तक वकिलांना दाखवावे. सुधीरच्या बायकोला माझा रेशमी शालू. तिने तो दोनदा मागितला आहे आणि तिला तो शोभेल.

तुळसा माझ्याकडे भांडी घासते, पण तेवढेच म्हणणे खोटे होईल. ती माझ्याशी भांडते, मला औषध पाजते आणि गावातल्या बातम्या आणते. तांब्याचा हंडा, घंगाळ आणि परसातल्या दोन्ही नारळांचे उत्पन्न ती असेतो तिचे. शाळामंडळाने नारळांवर हक्क सांगू नये.

कलम ५. वाकडी छडी मी जपून ठेवली आहे. ती भावजींना परत द्यावी. चालताना टेकायला उपयोगी पडेल. मारायला तिचा कधीच उपयोग झाला नाही.

कलम ६. आता पहिले मृत्युपत्र बाद का झाले ते.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि मी सही केलेली बघून त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत सह्या करायच्या असतात. एक साक्षीदार मी सहदेव निवडला, कारण शाळा आता तो चालवतो आणि त्याला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. दुसरे भावजी. सख्ख्या बापाची साक्ष असली तर सुधीर कोर्टात तोंड उघडणार नाही, हा माझा डाव होता. भावजींना तो समजला नसेल असे नाही. पण आळीतल्या प्रत्येक दस्तावर त्यांची साक्ष असते आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. बोलावले की ते येतातच.

आले. सहदेव आत खुर्चीवर बसला होता, ते बघून दारात थांबले. सहदेवने आणि त्याच्या वाड्याने गेल्या वर्षी बुद्धधर्म घेतला. भावजी त्यावर बराच काळ विचार करत होते. माणूस हिंदू उरला नाही तर त्याचा विटाळ उरतो का, असे त्यांनी मला पूर्वी एकदा विचारलेही होते. मी त्यांना आमटी जळते आहे का ते बघायला सांगितले होते. ते शेवटी आत आले आणि पाटाऐवजी खुर्चीवर बसले. मी सही केली. सहदेवने केली. कागद भावजींपुढे सरकला.

आणि भावजींनी पिशवीतून पंचपात्री काढून, प्यायच्या तांब्यातले पाणी तीत घेऊन कागदावर पळीभर शिंपडले.

शाई वाहिली. घराचे कलम गेले, सहदेवची सही गेली, माझ्या नावातले नुसते खांबेटे उरले. भावजी स्वतःच्या हाताकडे असे बघत होते की तो दुसऱ्या कोणाचा असावा. मी रागावले होते, आणि घाबरलेही होते. त्या वेळी माझ्या छातीत जे झाले ते डॉक्टरांनी ऐकायला हवे होते. तिथेच मी आटोपले असते तर वकिलांच्या हाती निळा चिखल आला असता आणि शाळा चिंचेखाली गेली असती.

तेव्हा सहदेव शांतपणे म्हणाला, "गुरुजी, उत्तर तोंडी सांगू का?"

दाराशी तुळसा उभी होती, ती पदर तोंडाला लावून हसली. "गुरुजींचा पानी सरला नाय अजून," म्हणाली. मग मी हसले. सहदेव हसला. भावजी हसले नाहीत. पंचपात्री तिथेच ठेवून उठले आणि अनवाणीच घरी गेले. चपला आमच्या पडवीत राहिल्या. त्या परत न्यायला ते अजून आलेले नाहीत, आणि मीही पाठवल्या नाहीत.

पंचपात्री आणि पळी आता माझ्याकडे आहेत. त्या शाळेला द्याव्यात. मुलांनी त्यात फुले ठेवावीत किंवा खडूचे तुकडे.

कलम ७. माझे दिवस साग्रसंगीत करू नयेत. शाळेला सुट्टी देऊ नये. फार तर मुलांना गोड द्यावे, आणि एकाच पंगतीत. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी वर्तक वकिलांवर सोपवते. टोमण्यांसह.

आज सकाळी भावजी चपला न्यायला आले आहेत. मी त्यांना हा कागद वाचायला दिला. त्यांनी तो सगळा वाचला, छडीच्या कलमावर थोडे थांबले, आणि विचारले, "साक्षीदार अजून मीच का?" मी म्हटले, "भावजी, तुमच्याशिवाय आळीत कोण आहे?" ते खरे आहे. सहदेवला बोलावले आहे. एकच टाक आहे, तो दोघांनी वापरायचा आहे. प्यायचे पाणीसुद्धा मी या खोलीतून बाहेर नेऊन ठेवायला सांगितले आहे.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले, आणि मला मान्य आहे.

(सही) प्रमोदिनी गुरुदत्त खांबेटे

मुक्काम डोंबिवली, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे
रविवार, दिनांक १ डिसेंबर १९५७

साक्षीदार. बाईंनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली.

१. (सही) सहदेव काळुराम रोकडे, शिक्षक, डोंबिवली

२. (सही) श्रीपाद बाळकृष्ण खांबेटे, निवृत्त शिक्षक, डोंबिवली

साक्षीदार क्रमांक दोन याचा स्वतःच्या हातचा शेरा: साक्षीदार क्रमांक एक याची सही मी कोरड्या कागदावर वाचली. अक्षर वळणदार आहे. तो माझ्या शाळेत होता, पण त्याचे अक्षर मी आज पहिल्यांदा पाहिले.