काढता येतो का?

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
९ मार्च १९९८

प्रिय सिग्ने,
स. न. वि. वि.

हाताने लिहिलेलं पत्र पाहून तुला वाटेल, भावाचं डोकं फिरलं की काय. तसं नाही. आमच्या वकिलाने आम्हा सगळ्यांना जेवणाच्या खोलीत गोळा करून बजावलं, की तू काम करतेस त्या कंपनीवर सरकारने खटला भरलाय, आम्ही त्यात साक्षीदार आहोत, तेव्हा ई-मेलमध्ये जे लिहाल ते उद्या कोर्टात मोठ्याने वाचलं जाईल. म्हणून कागद. कागदाला कोण विचारतंय?

कामाचं म्हणशील तर जानेवारीपासून आम्ही आमचा ब्राउझर फुकट वाटतोय. तुमचा प्रत्येक नव्या कॉम्प्युटरमध्ये आधीच बसवलेला असतो, मग आमचा विकत कोण घेणार? गेल्या शुक्रवारी साठ जणांना घरी पाठवलं. जाताना त्यांनी टेबलांवरची झाडं माझ्या गळ्यात मारली. खोलीत आता अकरा कुंड्या आहेत. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. घरी जाऊन टीव्ही पाहिला.

तू चार वर्षांनी मोठी, आणि आईच्या मते चाळीस वर्षांनी शहाणी. म्हणून एकच विचारतो. तुमचे साहेब सांगतायत, की ब्राउझर हा सिस्टिमचाच अवयव आहे, काढला तर कॉम्प्युटर चालणार नाही. ते काम तुझ्याच हाताखाली झालं. काढता येतो का? आमच्याकडे उरलेल्या माणसांचं पोट या एका उत्तरावर आहे. साक्षीला बोलावलं तर खरं ते सांग, एवढंच मागणं.

रागावू नकोस. माया आटली असेल तर उसनी आणून लाव.

तुझा,
कार्स्टन


बोथेल, वॉशिंग्टन
२२ मार्च १९९८

प्रिय कार्स्टन,
अ. उ. आ. (मोठेपणा मिरवायची संधी मी सोडत नसते.)

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच गिचमीड आहे, दोनदा वाचावं लागलं.

तुझी मूळ तक्रार मला पटत नाही, हे आधीच सांगते. लोक कॉम्प्युटर घेतात ते इंटरनेट पाहायलाच. आत काहीच नसेल तर तुमचा ब्राउझर तरी कुठून आणतील? आईने नाताळात कॉम्प्युटर घेतला. गाडी काढून फार्गोला जा, दुकानातून ब्राउझरची चकती आण आणि मग सुरू कर, असं कुणी सांगितलं असतं तर तिने तो खोक्यासकट परत केला असता. सोबत ब्राउझर देणं यात मला गुन्हा दिसत नाही.

पण तू विचारलंस ते वेगळं. काढता येत होता. गेल्या ऑगस्टपर्यंत एका दुपारचं काम होतं, मी स्वतः काढून पाहिला होता. मग साहेबांनी बोलावलं. ब्राउझरचे तुकडे फायली दाखवणाऱ्या खिडकीत आणि मदतीच्या पानांत असे कालवून टाक, की काढायला गेलं तर बाकीचंही मोडेल, असं म्हणाले. कारण लपवलं नाही. उद्या सरकारने काढा म्हटलं तर काढता येऊ नये, एवढंच कारण होतं. सगळं तोंडी. मी सहा आठवड्यांत करून दिलं, आणि खोटं कशाला बोलू, काम झकास झालं. बढती मिळाली, नाव शिवलेलं जाकीट मिळालं.

मेच्या सुरुवातीला माझी साक्ष आहे. ही एकच वस्तू आहे, वेगळी करता येत नाही, एवढंच म्हणा, असं आमचे वकील शिकवतायत. तेही शपथेवर. खरं बोलले तर नोकरी जाईल आणि या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. खोटं बोलले तर तुरुंगसुद्धा होऊ शकतो. मी दोन्हींचा विचार करते आणि मला भीती वाटत नाही, लाज वाटत नाही, काहीच वाटत नाही. वेळेवर जेवते, वेळेवर झोपते. काळजी वाटते ती याचीच.

अजून काही ठरलेलं नाही. तोवर हे पत्र तुझ्यापाशीच राहू दे, आणि माझ्यावरचा लोभही.

तुझी,
सिग्ने


सनीव्हेल
१६ एप्रिल १९९८

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तळ्यावरचा बर्फ फुटला का? चर्चमधल्या पैजेत यंदा कोणती तारीख लावलीस? इथे बर्फही नाही आणि पैज लावणारंही कुणी नाही.

मी पाठवलेली चकती तू उघडलीही नाहीस, हे फोनवर कळलं. पडद्यावर जे होतं ते दाबलं, पान उघडलं, मग दुसरं कशाला, असं तू म्हणालीस. माझ्या चार वर्षांच्या कामावर इतकं सरळ मत अजून कुणी दिलं नव्हतं. तुझ्यावर राग नाही.

आता सांगायचं ते सांगतो. सिग्नेने मला एक पत्र लिहिलं होतं. त्यात तिने तिच्या कंपनीत स्वतःच्या हाताने काय केलं, ते सगळं होतं. ते कोर्टात गेलं असतं तर खटला आमच्या बाजूने लागला असता आणि सिग्नेचं करिअर संपलं असतं. काल आमच्या वकिलाने प्रत्येकासमोर एक फॉर्म ठेवला. तिच्या कंपनीतल्या कुणाशीही पत्रव्यवहार असेल, ई-मेल असो की हाताने लिहिलेला, तो द्या. नसेल तर नाही म्हणून शपथेवर सही करा. कागदाला कुणी विचारत नाही, ही माझी समजूत चुकीची निघाली.

मी ते पत्र, पाकिटासकट, कागद कापायच्या यंत्रात घातलं आणि नाही म्हणून सही केली. दोन सेकंद लागले. उत्तर मीच मागितलं होतं, आणि मीच त्याच्या पट्ट्या केल्या. आम्ही बुडालो तरी चालेल, पण ती माझ्या हातून बुडायला नको, एवढंच डोक्यात होतं. छातीत धडधड होईल म्हणून थांबलो. नाही झाली.

पकडलो तर तुरुंग आहे. पण पत्र एकच होतं, ते गेलं. सिग्नेला यातलं काही सांगू नकोस. उपकाराच्या ओझ्याखाली ती भलतंच बोलून बसेल. तिचं तिला ठरवू दे.

प्रकृतीला जप. जवळ घेतेस तसं लांबूनही घे.

तुझा,
कार्स्टन


बोथेल
२० एप्रिल १९९८

प्रिय कार्स्टन,
अ. उ. आ.

एकदाचं ठरवलं. शुक्रवारी मी आपणहून सरकारी वकिलाकडे गेले आणि अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी पुरावा मागितला. ई-मेलमध्ये काही सापडणार नव्हतंच. मग मी तुला लिहिलेल्या पत्राची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. ते टपालात टाकण्याआधी वाचनालयातल्या मशीनवर प्रत काढून घेतली होती. आपल्या धंद्यात कुठलीही गोष्ट एकाच जागी ठेवत नाहीत, तुला माहीतच आहे. त्या दिवशी मनात काही नव्हतं, नुसती हाताची सवय.

नोकरी आज सकाळी गेली. दारावर ओळखपत्र काढून घेतलं. घरी येऊन बटाटे उकडले, जेवले, आणि भांडी घासताना रडू आलं. किती महिन्यांनी काही वाटलं. बरं वाटलं, कार्स्टन. तुझ्यामुळे झालं असं मनात आणू नकोस. इतक्या लोकांनी इतक्या बैठका घेतल्या, पण काढता येतो का, हे मला सरळ तू एकट्याने विचारलंस.

आता एक काम तुझ्याकडे. नुसत्या प्रतीवर भागत नाही. आमच्या कंपनीचे वकील म्हणतात, की मी ती आत्ता बसून बनवली असेल. मूळ पत्र माझ्या भावाकडे आहे, असं मी शपथेवर लिहून दिलंय. या शुक्रवारी सकाळी दोन माणसं तुझ्या ऑफिसात येतील. पत्र त्यांच्या हाती दे. पाकीटही दे, शिक्क्यावरची तारीख त्यांना हवी आहे. मग आपण दोघंही मोकळे.

लोभ होता तसाच असू दे, जास्त मागत नाही.

तुझी,
सिग्ने