वरून काही आलंच नाही

७ जानेवारी, सोमवार

एकसष्ट अर्ज! आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाला बचावाचा प्रशिक्षक पाहिजे, पगार सांगायची लाज वाटते, गाव मिनेसोटातलं टॉर्विक, बाहेर आज उणे चोवीस — आणि एकसष्ट माणसांना यायचंय. कमाल आहे.

मला त्यातला एकही नकोय. मला व्हर्लिन पाहिजे.

एकोणीस वर्षं तो आणि मी — तो बचावाचा प्रशिक्षक, मी मुख्य. शनिवारी सामन्याला तो वर काचेच्या खोलीत, मी खाली मैदानाच्या कडेला. वरून त्याला सगळं दिसतं. तो हेडफोनवर डाव सांगतो, मी हाताच्या खुणांनी तो पोरांपर्यंत पोचवतो. मोठ्या कॉलेजांत या कामाला चार-चार माणसं असतात. आमच्याकडे आम्ही दोघं. बायकोपेक्षा जास्त त्याचा आवाज माझ्या कानात राहिला असेल.

ख्रिसमसनंतर दोन दिवसांनी त्याची चिठ्ठी आली. 'आर्लन, मी आता थांबतो. हे काम माझ्याच्यानं होणार नाही.' बस, एवढंच! फोन केला तर आर्डिसनं उचलला — त्याच्या बायकोनं. "झोपलाय तो." दुपारचे अडीच वाजले होते. व्हर्लिन डाल दुपारी कधीपासून झोपायला लागला?

काही समजत नाही.

९ जानेवारी

बेथ सँडगार्डनं बोलावलं. आमची क्रीडाप्रमुख, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण समोर बसलं की मीच शाळकरी होतो.

"सात हरलात, तीन जिंकलात," म्हणाली. "दोन फेब्रुवारीला नवी मुलं आईवडिलांना घेऊन कॉलेज बघायला येतायत. त्या दिवशी बचावाचा माणूस तिथे उभा दिसला पाहिजे. आणि माणूस नीट निवडा, आर्लन. नाहीतर पुढच्या जानेवारीत तुमच्या खुर्चीसाठीचे अर्ज मी वाचत बसेन."

वर आणखी — "तुमच्या डेलला आवरा. या मोसमात तीन हेडफोन फोडले त्यानं."

डेल म्हणजे आमचा आक्रमणाचा प्रशिक्षक. पोरांच्या हातून चेंडू सुटला की हा हेडफोन आपटतो आणि वरच्या काचेच्या खोलीतून चालता होतो. दर वेळी! आवरायचं कसं त्याला? मी काय त्याचा बाप आहे?

१२ जानेवारी

दुकानात व्हर्लिन दिसला. दुधाच्या कपाटासमोर हातात चिठ्ठी धरून उभा. दोन वस्तू — दूध आणि अंडी — तेवढ्यासाठी चिठ्ठी! हा माणूस त्र्याऐंशी सालापासूनच्या प्रत्येक सामन्याचे गुण तोंडपाठ सांगतो.

मी म्हटलं, "काय रे, बोलत नाहीस."
"बोलतोय की."
"का सोडलंस?"
तो चिठ्ठीकडेच बघत राहिला. म्हणाला, "तुला चांगला माणूस मिळेल, आर्ल." आणि बाहेर जाऊन गाडीत बसला. आर्डिस गाडी चालवत होती. व्हर्लिन शेजारी!! माझ्या गाडीतसुद्धा तो कधी शेजारी बसला नाही, किल्ली हिसकावून घ्यायचा.

रागावलाय का माझ्यावर? कशाबद्दल?

१५ जानेवारी, मंगळवार

पहिला उमेदवार. ट्रे मॅडॉक्स, जॉर्जियाचा, एकोणतीस वर्षांचा, पायात पातळ बूट. लॅपटॉपवर चौऱ्याऐंशी पानं दाखवली. मी चाळिसाव्या पानाला कॉफी आणायला गेलो, परत आलो तेव्हा तो छप्पन्नवर होता. मला पाहून थांबलाही नव्हता.

शेवटी त्यानं विचारलं, "आधीचे का गेले, कोच?"
"वय झालं त्यांचं."
"मी पेपरात वाचलं की शेवटच्या सामन्यात ते ऐन वेळी गोठले, बोललेच नाहीत."

त्याला विमानतळावर सोडलं. नको हा.

१६ जानेवारी

काल ते पोरगं 'गोठले' म्हणालं, ते डोक्यातून जात नाही. लिहून टाकतो म्हणजे सुटेन.

नोव्हेंबरचा शेवटचा सामना. आम्ही एकवीस, ते सतरा. नऊ सेकंद उरलेले आणि चेंडू आमच्याकडे. फक्त चेंडू घेऊन गुडघा टेकायचा, सामना संपला. कुणालाही जमेल. आमच्या पोराच्या हातून चेंडू निसटला! त्यांनी उचलला, आमच्या गोलरेषेपासून बारा यार्डांवर. आमचे टाइम-आउट संपलेले. आता एकच डाव, बचाव आमचा.

मी हेडफोनवर विचारलं, "व्हर्लिन, काय करू?" काही नाही. "व्हर्लिन!" काही नाही. नुसती खरखर. पोरं माझ्याकडे बघतायत, काय करायचं म्हणून. मी माझ्या मनानं खूण केली — सगळ्यांनी तुटून पडा. त्यांनी चेंडू आमच्या डोक्यावरून मागे टाकला, तिथे आमचा एकही पोरगा नव्हता; त्यांच्या पोरानं झेलला, सहा गुण. तेवीस-एकवीस. खेळ खलास.

पेपरवाल्यानं विचारलं, शेवटी काय झालं? मी म्हणालो, वरून काही आलंच नाही.

खरं तेच सांगितलं. आलं नव्हतं. व्हर्लिनशी त्यावर मी एक शब्द काढला नाही. मुद्दाम. माणूस एकदा गोठू शकतो, उगाच कशाला दुखवायचं? मित्र म्हणून मी चांगलंच वागलो.

वागलो ना?

१९ जानेवारी

सकाळी हॉटेलात म्हाताऱ्यांचं टेबल भरलेलं. ऑर्विल लांबूनच ओरडला, "ए आर्लन, या वेळी जागा राहणारा बघ हं!" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "वर खोलीत गजराचं घड्याळ बसवा." पुन्हा हसले.

मीही हसलो. पॅनकेक तसाच टाकून आलो.

२२ जानेवारी, मंगळवार

दुसरा उमेदवार, कर्ट ब्येर्क. इथलाच, आमच्यासारखाच नॉर्वेच्या वंशातला, तोंडातून शब्द काढायला कष्ट पडतात. फळ्यावर बचाव मांडला तो पाहून बरं वाटलं. साधा, घट्ट. कामाचा माणूस.

त्यानंही तेच विचारलं. आधीचे का गेले? मी म्हटलं, खरं सांगू, मला माहीत नाही. त्यानं मान हलवली, हात मिळवला.

२३ जानेवारी

ब्येर्कचा फोन. येत नाही म्हणे. "कोच, एकोणीस वर्षं बरोबर असलेला माणूस का गेला हे तुम्हाला माहीतच नाही, किंवा माहीत आहे आणि सांगत नाही. मला दोन्हीची भीती वाटते."

ब्येर्कच्या तोंडून एवढं लांब वाक्य निघालं म्हणजे भीती खरीच असणार!

२४ जानेवारी

बायको, जॉयस, म्हणाली, "त्याला नीट विचार ना."
"विचारलं की, दुकानात."
"दुधाच्या कपाटासमोर? लग्न झालं तेव्हापासून तू महत्त्वाचं सगळं उभ्या-उभ्याच विचारतोस."

२६ जानेवारी

जॉयसनं हॉटडिश करून दिली — खिमा, वर बटाटे — आणि मला व्हर्लिनच्या दारात नेऊन सोडलं. डबा आर्डिसनं घेतला. आत ये म्हणाली नाही. उणे वीसमध्ये दारात उभं ठेवणं म्हणजे आमच्याकडे शिवी दिल्यासारखं आहे.

मग हळू आवाजात म्हणाली, "तीन वेळा शहरात डॉक्टरांकडे जाऊन आलो. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावतात, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगतात. सगळं बरोबर येतं त्याचं. तरी म्हणतो, मला माहितीये, सुरू झालंय."

"काय सुरू झालंय?"

"तू विचारतोस?" म्हणाली आणि दार लावलं.

म्हणजे काय? त्याच्या वडिलांना शेवटी स्वतःचे मुलगे ओळखू येत नव्हते, ते मी पाहिलंय. पण व्हर्लिन? आणि 'तू विचारतोस' म्हणजे? मी काय केलं? हॉटडिश तर नेली!

आज एक गोष्ट नक्की झाली — मी मठ्ठ आहे. कशात मठ्ठ ते मात्र कळत नाही.

२९ जानेवारी, मंगळवार

थंडीनं कॉलेज बंद. उणे तेहेतीस. तिसरा उमेदवार यायचा होता, लमॉन्ट प्रुइट, आयोवातून. मी फोन करून म्हटलं नका येऊ. "निघालोय केव्हाच," म्हणाला. चार तास गाडी चालवून आला. मिशीवर बर्फ, हातात डोनटचा डबा. आवडला.

फळा पाऊण तासात आटोपला. मग मी वाट बघत बसलो, आता हा विचारणार. विचारलंच. मी या खेपेला सगळं सांगितलं. चेंडू निसटला, हाक मारली, नुसती खरखर.

तो डोनट खाता खाता थांबला. "हेडफोन बघू?"

कपाटातून पेटी काढली. सामना संपल्यावर मीच रागानं सगळं आत कोंबलं होतं, त्यानंतर आज पहिल्यांदा उघडली. आत माझा हेडफोन, कमरेला लावायची डबी आणि माझे चामड्याचे जाड मिटन. बोटं वेगळी नसलेले, आर्डिसनंच दिलेले.

प्रुइटनं डबी उचलली. "कोच, याला कुणी हात लावलाय?"
"नाही. का?"
"आक्रमणाची बाजू लागलीये."

डबीवर एक बटण आहे. एका बाजूला केलं की डेलचा आवाज, दुसऱ्या बाजूला व्हर्लिनचा. चेंडू आमच्याकडे असला की डेल, त्यांच्याकडे गेला की व्हर्लिन. एकोणीस वर्षं माझा हात आपोआप तिकडे जातो. त्या दिवशीही गेला होता. आठवतंय मला, मी बटणावर हात मारला होता.

"हे घालून मारला?" त्यानं मिटन पुढे केले.

घातले, बटण दाबलं. काही हललं नाही. पुन्हा दाबलं. हललं असं वाटलं. बघितलं तर जागच्या जागी!

डेलला तिथूनच फोन लावला. "शेवटच्या डावाला मी व्हर्लिनला हाका मारत होतो, तुला ऐकू आल्या?"

"कोच, चेंडू निसटला तसा मी हेडफोन फेकला ना. मी जिन्यात होतो. कठड्याला लाथा मारत होतो."

म्हणजे मी रिकाम्या हेडफोनमध्ये ओरडत होतो. वर डेलच्या बाजूला कुणी नाही, व्हर्लिनच्या बाजूला मी नाही. आणि व्हर्लिन? त्या काचेमागे एकटा, तो काय करत होता?

प्रुइटला म्हटलं, जागा तुमची. आजपासून.

त्यानं कोट चढवला. "आधी त्यांना सांगून या. मग मला फोन करा, मग मी हो म्हणेन." दारातून वळून म्हणाला, "आणि कोच, फोनवर नका सांगू."

३० जानेवारी

उणे पस्तीस. गाडी सुरू होईना. खरं म्हणजे एकदाच किल्ली फिरवून बघितली आणि आत आलो. जॉयस माझ्याकडे नुसती बघत होती.

मला लाज वाटते. किती ते लिहिता येत नाही. पेपरवाल्याला सांगायच्या आधी जिना चढून वर गेलो असतो, चाळीस पायऱ्या, तर हे तिथेच संपलं असतं.

३१ जानेवारी, गुरुवार

गेलो. आर्डिसला दारातच बाजूला सारून आतल्या खोलीत गेलो, बसलो, डबी आणि मिटन टेबलावर ठेवले. बटण दाखवलं, सगळं सांगितलं. चिडेल, हाकलून देईल, काहीही चालेल म्हणून आलो होतो.

तो चिडला नाही. बटण इकडे केलं, तिकडे केलं. मग म्हणाला, "'सगळे मागे!' असं मी दोनदा ओरडलो, असं मला आठवत होतं. पण तू म्हणालास, काही आलंच नाही. तू खोटं बोलत नाहीस, आर्ल. मग मला वाटलं, मी ओरडलोच नसणार. नुसतं मनात आलं असेल. बाबांचं असंच सुरू झालं होतं."

मी म्हटलं, "तू ओरडला होतास, व्हर्लिन. मला ऐकू आलं नाही. उद्या पेपरात छापायला लावतो."

"पेपर गेला उडत." त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. "आर्डिसला आत येऊ दे. आणि परत सांग."